वीरगळांवरचे ‘शेवाळ’ आणि चार विजेऱ्या : एलईडी झोतातील रंगछटेच्या फरकाचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका गावात ओढ्याकाठच्या शिवमंदिराच्या आवारात अकरा वीरगळ ओळीने उभे आहेत आणि त्यांची सचित्र नोंद करण्याचे काम आम्ही चौघांनी गेल्या हिवाळ्यात हाती घेतले. वीरगळाची मांडणी बहुतेकांना ठाऊक असते: तळच्या चौकटीत लढाई आणि पुष्कळदा गाईंचा कळप, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेत असल्याचा प्रसंग, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. परंतु उघड्यावर शतकानुशतके पाऊस खाल्लेला दगड भर दुपारी समोरून पाहिला, तर यातले फारसे काही दिसत नाही. तोच दगड अंधारात पाहावा आणि त्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा झोत बाजूने टाकावा, म्हणजे नखाच्या जाडीच्या उंचवट्याचीही सावली पडते आणि तलवारीची मूठ, घोड्याचा लगाम, गाईच्या वशिंडाची गोलाई एकेक करून वर येते. म्हणून छायाचित्रणाचे काम आम्ही रात्री ठेवले होते.

त्यासाठी एकाच बनावटीच्या चार विजेऱ्या एकाच वेळी मागवल्या. चारही खोक्यांवर 6500 केल्विन हाच, म्हणजे पांढऱ्या प्रकाशाची छटा सांगणारा, आकडा होता. प्रत्येक वीरगळाच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक विजेरी धरायची, तिसऱ्याने कॅमेरा सांभाळायचा आणि चौथ्याने तक्ता भरायचा, अशी वाटणी ठरली. डावीकडे उभा राहणारा मित्र दोन्ही रात्री तोच होता आणि स्वतःच्या पिशवीतली विजेरीच वापरत होता. त्या वेळी याचे काहीच वाटले नव्हते.

घरी येऊन छायाचित्रे संगणकावर उघडली, तेव्हा अकरापैकी सात वीरगळांच्या डाव्या अर्ध्या भागावर स्पष्ट हिरवट झाक दिसली. तक्ता पक्का करणाऱ्याने ‘जैविक वाढ’ या रकान्यात सातही ठिकाणी ‘डाव्या बाजूस शेवाळाचा पातळ थर’ असे लिहून टाकले आणि आम्हा उरलेल्या तिघांनी त्यावर सह्या केल्या. आमच्याकडे त्याचे कारणही तयार होते. वीरगळ पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत, म्हणजे पाहणाऱ्याची डावी बाजू उत्तरेची. त्या बाजूला ऊन कमी पोहोचते, ओल टिकते, मग शेवाळ धरणारच. उरलेल्या चार दगडांवर माथ्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता, त्यामुळे तिथे झाक पुसट होती. हा तपशील आम्ही सोयीस्करपणे सोडून दिला. चूक इतकी तर्कशुद्ध असली की ती पकडली जात नाही.

खरे तर ती पहिल्याच रात्री पकडली गेली होती. कुलूप लावायला आलेले गुरवकाका थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “दादा, तुमच्या त्या अलीकडच्या बॅटरीत हिरवं पाणी भरलंय का?” आम्ही हसलो आणि कामाला लागलो.

प्रकरण पुढे आले ते गावाने वीरगळ स्वच्छ करण्याचा विषय काढल्यावर. शेवाळ आहे असे आमच्या नोंदीतच लिहिलेले असल्यामुळे ते घासून काढावे, असे ठरत आले होते, आणि अशा वेळी हाताशी येते ती तारेची घासणी, जिच्या एका दुपारच्या कामात उरलेसुरले शिल्पही जाऊ शकते. घासण्याआधी थर किती जाड आहे हे पाहावे म्हणून आमच्यातला एक जण सकाळी नऊ वाजता तिथे गेला. सातपैकी एकाही दगडाच्या डाव्या बाजूला शेवाळ नव्हते. ओल्या फडक्याने पुसले तर फडक्यावर फक्त धूळ आली.

संशयितांची छाननी

दगड निर्दोष ठरल्यावर प्रश्न कॅमेरा आणि विजेऱ्या यांच्यापुरता उरला. आम्ही चारही विजेऱ्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीने 1 ते 4 असे आकडे लावले, खोलीत अंधार केला, भिंतीवर कोऱ्या पांढऱ्या कागदाचे दोन ताव शेजारी शेजारी चिकटवले आणि समान अंतरावरून दोन-दोन विजेऱ्यांचे झोत त्यांवर टाकून पाहिले. हा प्रयोग कोणालाही घरी करता येईल, आणि तो जोडीनेच केला पाहिजे. एकटी विजेरी लावली की काही सेकंदांत डोळा त्या प्रकाशालाच पांढरा मानू लागतो आणि झाक नाहीशी होते. दुसरा पांढरा शेजारी आला की मगच पहिल्याचे पितळ उघडे पडते. 1 आणि 3 या जवळजवळ सारख्या निघाल्या. 4 किंचित हिरवट होती. 2 मात्र कच्च्या कैरीच्या फोडीसारखी सरळ हिरवट होती, आणि तीच आमच्या डावीकडच्या मित्राच्या पिशवीतली होती.

त्यानंतर एकेक शक्यता तपासली. पहिली शक्यता सेलची होती. विजेरीत 18650 जातीचा, म्हणजे 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल बसतो. सेल आपसांत बदलले, पण हिरवेपणा विजेरी क्रमांक 2 बरोबरच राहिला.

दुसरी शक्यता उजेडाच्या पातळीची होती आणि इथे थोडे तथ्य सापडले. चारही विजेऱ्या मंद पातळीवर नेल्या, तेव्हा चारही अधिक हिरवट-पिवळट दिसल्या आणि पूर्ण पातळीवर अधिक शुभ्र. विजेरीतले सर्किट एलईडीमधील विद्युतधाराच कमी करून उजेड मंद करत असेल, तर असे घडते, कारण पांढऱ्या एलईडीच्या आत असलेल्या निळ्या चिपच्या प्रकाशाची तरंगलांबी धारेप्रमाणे थोडी सरकते आणि निळ्या-पिवळ्याचे प्रमाणही बदलते. काही विजेऱ्यांत मात्र पूर्ण धारेची अतिवेगाने उघडझाप करून उजेड मंद केलेला असतो. तिथे प्रत्येक स्पंदात धारा तेवढीच असल्याने छटा जवळपास कायम राहते, पण कॅमेऱ्यात पट्टे उमटण्याचा धोका असतो. दुसऱ्या रात्री सेल वाचवण्यासाठी डावीकडची विजेरी मधल्या पातळीवर ठेवली होती, हे नंतर आठवले. म्हणजे मुळात हिरवट असलेल्या विजेरीला आम्ही आणखी हिरवे करत होतो.

तिसरी शक्यता काचेची. या विजेऱ्यांची काच तिरपी धरली तर तिच्यावर जांभळट चमक दिसते. ती परावर्तन कमी करणाऱ्या लेपाची खूण होय. जे जांभळे परत फिरते ते पुढे जात नाही, म्हणून पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशात हिरव्याचे पारडे किंचित जड होते. पुढची कडी फिरवून काच काढली, तेव्हा झोत थोडा सुधारला खरा, पण चारही विजेऱ्यांत सारखाच, त्यामुळे 2 आणि 1 यांच्यातले अंतर काही मिटले नाही.

चौथी शक्यता झोताच्या भागांची होती. भिंतीवर नीट पाहिले, तर प्रत्येक विजेरीच्या झोतात मधला तेजस्वी ठिपका किंचित पिवळट, त्याभोवतीचे कडे आणखी पिवळट आणि बाहेरचा पसरलेला उजेड निळसर दिसत होता. एलईडीच्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, थर असतो. समोर सरळ जाणारा निळा किरण त्या थरातून कमी अंतर कापतो, आणि तिरपा जाणारा किरण अधिक अंतर कापत असल्यामुळे त्याचे अधिक पिवळे होते. विजेरीतला परावर्तक मुख्यतः हे तिरपे किरण गोळा करून मधला ठिपका घडवतो, तर पसरलेला उजेड एलईडीतून थेट समोर आलेला असतो. म्हणून एकाच झोतात दोन पांढरे नांदतात. परावर्तकाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असला की हे रंग एकमेकांत मिसळतात, गुळगुळीत असला की वेगळे उठून दिसतात. आमच्या विजेऱ्यांत तो गुळगुळीत होता. दोन्ही विजेऱ्यांचा मधला ठिपकाच दगडावर पडत असल्याने हे कारणही बाद झाले, मात्र पुढे उपाय करताना ते लक्षात ठेवावे लागले.

उरला तो खुद्द एलईडी. हमीची मुदत चालू असल्याने आम्ही तो उकरून काढला नाही. त्यामुळे झाक एलईडीचीच आहे, हा निष्कर्ष बाकीची कारणे वगळून काढलेला आहे, हे नमूद केले पाहिजे.

पांढरा म्हणजे नेमका कोणता

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. त्यात गॅलियम नायट्राइड कुळातील चिप सुमारे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते. त्यातला काही भाग सिरियम मिसळलेल्या यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट या फॉस्फरमध्ये शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भास होतो. पिवळट पडलेल्या धोतराला नीळ देणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये. शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत 1993 मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला, त्याच कंपनीने 1996 मध्ये त्यावर फॉस्फर चढवून पांढरा एलईडी बाजारात आणला, आणि निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा पांढरेपणा तोलाचा आहे. फॉस्फरचा थर केसभर जाड झाला, त्यातले प्रमाण थोडे वाढले किंवा चिपची तरंगलांबी दोन-चार नॅनोमीटरने सरकली, तर तोल कलतो.

कलण्याच्या दिशा दोन आहेत आणि या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. जुन्या तारेच्या दिव्याच्या विजेरीत सेल उतरू लागले की उजेड पिवळा, मग तांबूस होत जाई, पण तो कधी हिरवा झाला नाही. तापलेली तार ही भौतिकशास्त्रातल्या कृष्णवस्तूच्या, म्हणजे जिच्या उजेडाचा रंग फक्त तापमानावर ठरतो अशा आदर्श वस्तूच्या, जवळपास वागते. तिचा रंग तापमानाबरोबर तांबूस ते निळसर अशा एकाच वक्रावरून पुढे-मागे सरकतो, आणि केल्विनचा आकडा त्या वक्रावरची जागा सांगतो. एलईडीला हे बंधन नाही. तो वक्रावरून पुढे-मागे सरकतोच, शिवाय वक्र सोडून आडवाही जातो: एका बाजूला हिरवटाकडे, दुसऱ्या बाजूला गुलाबीकडे. हे आडवे अंतर डी-यू-व्ही या अक्षरांनी दर्शवतात. धन असेल तर हिरवट, ऋण असेल तर गुलाबीसर. केल्विन सारखे आणि डी-यू-व्ही वेगळे असलेले दोन एलईडी शेजारी लावले, तर एकच माप सांगून शिवलेले दोन वेगळे सदरे समोर ठेवल्यासारखे होते.

खोक्यावरचा 6500 हा आकडाही वाटतो तितका काटेकोर नसतो. पांढऱ्या एलईडीसाठी अमेरिकेतील सी-78.377 हे मानक आहे. त्यात 6500 या नावाखाली 6530 केल्विन आणि अधिक-उणे 510 एवढी मुभा आहे, म्हणजे सुमारे 6020 ते 7040 पर्यंतचा कोणताही एलईडी त्याच नावाने विकता येतो. आडव्या दिशेला मुभा मध्यापासून अधिक-उणे 0.006 आहे, आणि 6500 च्या गटासाठी तो मध्यच मुळात सुमारे 0.003 इतका हिरव्या बाजूला धरला आहे. हा मध्य मानकाने लहरीने निवडलेला नाही. दिवसाचा नैसर्गिक उजेडही कृष्णवस्तूच्या वक्रापासून जवळपास तेवढाच त्या बाजूला असतो. परंतु गटाच्या वरच्या टोकाचा एलईडी आणि खालच्या टोकाचा एलईडी यांच्यात 0.012 एवढे अंतर पडू शकते, आणि शेजारी ठेवल्यावर ते कोणाच्याही डोळ्याला दिसते. डोळा रंगातला किती सूक्ष्म फरक ओळखतो, याचा पाया डेव्हिड मॅकॲडम यांनी 1942 मध्ये घातला. त्यांनी 25 रंगांभोवती आखलेल्या लंबवर्तुळांवरूनच आज एलईडीची जुळणी ‘तीन पायऱ्या’, ‘पाच पायऱ्या’ अशी मोजतात. वरच्या मानकाचा गट साधारण सात पायऱ्यांचा आहे.

कारखान्यात प्रत्येक एलईडी क्षणभर पेटवून मोजला जातो आणि रंग व तेज यांनुसार गटांत टाकला जातो. अरुंद गट मागणाऱ्याला जास्त पैसे मोजावे लागतात. स्वस्त विजेरी बनवणारा रुंद गट घेतो, किंवा हाताशी असलेली वेगवेगळ्या गटांची रिळे एकाच खेपेत वापरून संपवतो. हिरवट गटाला आणखी एक आकर्षण असते, ते लुमेनच्या आकड्याचे. लुमेन हे उजेडाचे माप डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेले आहे. 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाच्या एका वॅटला 683 लुमेन मिळतात, तर 450 नॅनोमीटरच्या निळ्या वॅटला अवघे 26 च्या आसपास. झोतात हिरवट-पिवळ्याचा वाटा वाढला की खोक्यावर छापायचा आकडाही वाढतो. ग्राहक लुमेन पाहून विजेरी घेतो, तोपर्यंत हिरवटपणा हा विकणाऱ्याच्या दृष्टीने दोष ठरत नाही. माझ्या मते ‘चायनीज माल’ म्हणून नाक मुरडण्यापेक्षा हे कारण जास्त विचारात घेण्याजोगे आहे.

विक्रेत्याला आम्ही चारही झोतांचे छायाचित्र पाठवले. ‘रंगातील फरक मर्यादेत आहे, हा दोष नव्हे’ असे उत्तर आले. कागदोपत्री ते बरोबरच असावे. आमची तक्रार एवढीच की मर्यादा कोणती, हे खोक्यावर कुठेही नव्हते.

इथे एक गल्लत टाळावी. छटा आणि रंगदर्शन, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगदर्शनाचा नेहमीचा निर्देशांक आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल हा नववा नमुना त्या सरासरीत धरलाच जात नाही. त्यामुळे झोत दिसायला स्वच्छ पांढरा असूनही शेंदूर मातकट दिसू शकतो. मंदिरातल्या शेंदूर लावलेल्या मूर्तीचे छायाचित्र घ्यायचे असते, तर आमची क्रमांक 1 ची ‘चांगली’ विजेरीही नापास झाली असती. काळ्या पाषाणाच्या वीरगळाला मात्र या निर्देशांकापेक्षा छटाच अधिक नडते, कारण करड्या दगडाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो आणि तो येईल ती झाक अंगावर घेतो.

काय केले

सगळ्यात आधी तक्त्यातील सातही नोंदी रद्द केल्या आणि गावाला तसे लेखी कळवले. हे घासणीच्या आधी झाले, याचे समाधान आहे.

विजेऱ्यांवर दोन उपाय करून पाहिले. चित्रीकरणाच्या दिव्यांवर लावतात त्या रंगीत जिलेटिन कागदात हिरवा उणा करणारा फिकट गुलाबी प्रकार मिळतो. ली कंपनीच्या यादीत पूर्ण मात्रेचा 247, अर्ध्याचा 248 आणि पाव मात्रेचा 249 या क्रमांकाने आहे. पाव मात्रेचा तुकडा गोल कापून क्रमांक 2 च्या काचेवर लावला, तर ती 1 च्या बरीच जवळ आली. उजेड थोडा घटला, पण कॅमेरा तिपाईवर असताना त्याने बिघडत नाही. त्यावर बटर पेपरचा एक थर दिल्यावर मधला ठिपका, पिवळे कडे आणि निळसर पसारा हे सगळे मिसळून एक झाले. अर्थात झोत पसरला आणि सावल्या जरा मऊ झाल्या, जे तिरप्या प्रकाशाच्या कामात पूर्णपणे सोयीचे नाही.

शेवटी जो उपाय कायम ठेवला तो याहून साधा निघाला. दुसरी विजेरी वापरायचीच नाही. क्रमांक 1 डावीकडून धरायची आणि उजवीकडे पांढऱ्या थर्माकोलचा ताव उभा करून तिचाच उजेड दगडावर परतवायचा. दोन्ही बाजूंना एकाच एलईडीचा प्रकाश असल्याने छटा जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. थर्माकोल वाऱ्याने पडतो, त्यामुळे तो धरायला माणूस लागतो. डावीकडच्या मित्राला आता ते काम आहे. पातळी नेहमी पूर्ण ठेवायची, दर दगडाच्या पहिल्या छायाचित्रात रंग जुळवण्यासाठीचे करडे पत्रक ठेवायचे आणि कॅमेऱ्याचा पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) आपोआपवर न ठेवता हाताने बांधून टाकायचा, हे तिन्ही नियम तक्त्याच्या माथ्यावर लिहिले आहेत.

या शेवटच्या नियमामागे एक वेगळी गोष्ट आहे. पहिल्या दोन रात्री कॅमेरा आपोआप समतोलावर होता. चौकटीचा डावा अर्धा भाग हिरवट आहे असे पाहून त्याने संपूर्ण चित्रातून हिरवा उणा केला. त्यामुळे डावी बाजू मूळच्यापेक्षा कमी हिरवी दिसली, आणि उजवी बाजू, जिच्यावरचा प्रकाश ठीक होता, ती गुलाबीसर झाली. एका चित्रात दोन प्रकारचे पांढरे असले तर एकच समतोल दोन्हींना लागू पडत नाही. मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली चित्रे, जपलेल्या असल्यामुळे आम्ही सर्व अकरा वीरगळांची छायाचित्रे पुन्हा उघडली आणि समतोल फक्त उजव्या विजेरीला धरून बसवला. डावी बाजू पूर्वीपेक्षाही हिरवी झाली, ते अपेक्षितच होते. नवव्या वीरगळाच्या उजव्या कोपऱ्यात मात्र, गाईंच्या कळपाच्या खाली, जो भाग आम्ही ‘झिजलेला, स्वच्छ’ असा नोंदवला होता, तिथे रुपयाएवढे पाच-सहा फिकट हिरवे ठिपके दिसू लागले. पुढच्या खेपेस दिवसाउजेडी भिंग घेऊन पाहिले. ते दगडफूल होते. अकरा दगडांवर मिळून जैविक वाढ तेवढीच, आणि आमच्या पहिल्या तक्त्यात नेमकी तीच नव्हती.